नवतप्यातली चार पानं

मे महिना संपत आला की आमच्या हिंगणघाटात नऊ दिवस असे येतात, की दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. हा नवतपा. माझ्या डायरीत त्याच्या तयारीचं वेगळं पान असतं. कूलरच्या ताट्या बदलायच्या, टाकी घासायची, पंप तपासायचा, पन्ह्यासाठी कैऱ्या उकडायच्या, दुकानात नवा माठ ठेवायचा. काम झालं की मी त्यावर आडवी रेघ मारते. बरोबरची खूण मला आवडत नाही. खूण केली तरी काम वाचता येतं. रेघ मारली की विषय संपतो.

यंदा ते पान लिहायला बसले होते. ताट्यांचा वाळा भिजवून ओट्यावर ठेवला होता, त्याचा ओला वास घरभर झाला होता. तेवढ्यात फोन वाजला. कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘वस्ती जोडल्यापासून आपलं व्होल्टेज पडून राहिलं आहे. ताईंनी मागच्यासारखा एक अर्ज करावा. कॉलनीचा वेगळा.’ त्याखाली संमतीचे अंगठे उमटत गेले.

‘मागच्यासारखा’ हा शब्द मी दोनदा वाचला. मग डायरी मिटली.

मागचा अर्ज तीन वर्षांपूर्वीचा. माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान कॉलनीच्या तोंडाशी आहे. दुकानासमोरून नाला जातो, त्यावर सिमेंटचा बुटका रपटा आहे, आणि रपट्यापलीकडे वस्ती. कधीकाळी मिलमध्ये कामाला असलेल्यांची घरं, त्यांच्या मुलांनी वाढवलेल्या खोल्या, मग नातेवाइकांच्या खोल्या. अर्ज लिहून घ्यायला दोन्हीकडची माणसं माझ्याकडे येतात. अक्षर चांगलं, पानांना नंबर, विषय ठळक, सोबतच्या कागदांची यादी शेवटी. अर्ज कसा असावा हे मला कळतं, याचा मला अभिमान होता.

त्या वर्षी होळीनंतरच ऊन पेटलं होतं. कॉलनीची डीपी, म्हणजे खांबांवर चढवलेला ट्रान्सफॉर्मर, जुनी झाली होती. दुपारी सगळे कूलर एकदम सुरू झाले की तिच्यावर धाडकन आवाज होई आणि अर्धी कॉलनी गार होण्याऐवजी गप्प होई. वस्तीचं दुखणं वेगळं. तिथली वीज यायची कापसाच्या जिनिंगजवळच्या डीपीवरून, लांबच्या लांब बारीक तारेवरून. नाल्याकाठच्या शेवटच्या घरांपर्यंत पोचता पोचता तिच्यात जीव उरत नसे. पंखा फिरे, पण वारा लागत नसे. बल्ब पेटे, पण पिकल्या टेंभराच्या फळासारखा पिवळट.

शेवटच्या घरांपैकी एक पुष्पाचं. ती साड्यांना फॉल-पिको करते. कॉलनीतल्या निम्म्या साड्यांच्या कडा तिच्या हातच्या आहेत. एकदा दोरा घ्यायला आली तेव्हा मी कॉलनीच्या अर्जाचा कच्चा मसुदा लिहीत होते. तिनं तो उलटा वाचला आणि म्हणाली, “ताई, डीपी नाल्यावर बसवाले लावा ना. मंग दोघायचंही होते. एकच खर्च, एकच खांब.”

इतकी सरळ गोष्ट मला सुचली नव्हती. मी लगेच मसुद्यात घातली. कल्पना तिची होती, हे मी त्यानंतर बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही.

सह्या घ्यायला मी स्वतः वस्तीत गेले. पुष्पाच्या ओसरीवर सतरंजी टाकली होती. बाया आल्या, बाप्ये आले, कोणी अंगठा दिला, कोणी नाव गिरवलं. एका म्हातारीनं विचारलं, “ह्या कागदानं लाईन येते का बाई, का नुसतीच रांग लागते?” सगळे हसले. पुष्पाचे सासरे वासुदेवकाका खाटेवर बसून होते. मी त्यांच्यापुढे शाईचा पॅड सरकवला, तर त्यांनी तो बोटानं मागं लोटला.

“अंगठा नाई. मिलात हजेरीवर सही करत होतो मी.”

त्यांनी पेन घेतलं. एकेक अक्षर काढलं, मध्ये थांबून दम घेतला. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अक्षरं टांगलेली ठेवली आणि सगळ्यात शेवटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढली, श्वास न घेता.

काकांनी कार्डिंग खात्यात उभा जन्म काढला होता. कापूस पिंजून निघतो तिथे. “सकाळी काळे केस घेऊन जात होतो, संध्याकाळी म्हातारे होऊन येत होतो,” ते सांगायचे. केसांवरचा कापूस आंघोळीनं जाई. छातीतला गेला नाही. दुपारी त्यांना वाफेच्या मशीनचं औषध घ्यावं लागे, आणि नेमकी दुपारीच वस्तीच्या विजेत ते मशीन चालवण्याइतका दम नसे. आवाज होई, वाफ निघत नसे. पुष्पाला डीपी हवी होती ती याच्यासाठी. शिलाईचं मशीन पायानंही चालतं, वाफेचं नाही चालत.

अर्ज आठ पानांचा झाला. पहिली चार कॉलनीची, पुढची चार वस्तीची. वरच्या पत्रावर मी लिहिलं, ‘एकूण पाने ८’.

वीज कार्यालयातले साहेब चांगल्या स्वभावाचे होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं, अर्ज पूर्ण वाचला. मग म्हणाले, “मॅडम, एक सांगू का? मनात नका आणू. वस्तीचं नाव आलं की सर्व्हे आला. सर्व्हेत आकडे निघाले की वरून शेरा येतो. मग तुमचंही लटकते, दिवाळीपर्यंत. तुम्ही आधी तुमचं करून घ्या. त्यांचा वेगळा द्या ना, मी आहे इथं.”

आकडे, म्हणजे तारेवर थेट टाकलेली चोरटी जोडणी. वस्तीत काही होते, मला माहीत होतं. पुष्पाच्या घरी मीटर होतं, हेही माहीत होतं. आणि आमच्या कॉलनीत एका बंगल्यातला एसी मीटरला न विचारता चालत असे, तेही सगळ्यांना माहीत होतं. पण त्याला कोणी आकडा म्हणत नसे. त्याला ओळख म्हणत.

यातलं मी काही बोलले नाही. साहेबांच्या खोलीत कूलर चालू होता. बाहेर ऊन होतं, दुकान बंद करून आले होते, आणि त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. व्यवहाराला धरून असलेलं म्हणणं मला नेहमीच पटतं. त्यांनी पिना काढायचा चिमटा पुढे केला. मी पिना काढल्या. मागची चार पानं वेगळी केली, पुढची चार पुन्हा टोचली, वरच्या पत्रावरचा आठ खोडून चार केला आणि खाडाखोडीच्या बाजूला छोटी सही केली. नियमाप्रमाणे. शिपायानं शिक्का मारला. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

घरी येऊन डायरीत लिहिलं, ‘वस्तीचा अर्ज, सोमवार.’

सोमवारी लग्न होतं. पुढच्या सोमवारी झेरॉक्सचं मशीन बिघडलं. माझी पद्धत अशी, की राहिलेलं काम पुढच्या आठवड्याच्या पानावर उतरवायचं. मी उतरवत गेले. सुंदर अक्षरात, न चुकता. त्या उन्हाळ्याची डायरी आज उघडली तर पानामागून पान तेच वाक्य सापडतं. यादी आपल्यासाठी लक्षात ठेवते, असं मी माझ्या पोरींना शिकवत आले. ती आपल्यासाठी विसरतेही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. लिहून ठेवलं की निम्मं केल्यासारखं वाटतं, आणि ज्यांचं काम असतं त्यांच्यापर्यंत ते निम्मंही पोचत नाही.

नवतपा लागायच्या आत डीपी उभी राहिली. साहेब शब्दाला जागले. अर्जात जागा नाल्याचीच लिहिलेली होती, ती बदलायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. म्हणून डीपी बसली ती रपट्याच्या पलीकडच्या टोकाला, वस्तीच्या अगदी तोंडाशी. पुष्पाच्या दारातून वीस पावलं. दिवसभर डीपी गुणगुणायची. पण तारा सगळ्या नाला ओलांडून आमच्याकडे वळलेल्या. जिथवर कागद गेला होता तिथवर तार गेली होती.

वस्तीतल्या लोकांना वाटलं, टप्प्याटप्प्यानं ओढतील. आधी कॉलनी, मग आपण. कागद तर दिलाच आहे.

पुष्पा दुकानात आली. म्हणाली, “ताई, आमच्याकडची तार येईपर्यंत बाबाले दुपारी तुमच्याकडे आणू का? पंधरा मिंटं. तुमच्याकडं लाईन दमदार हाय आता.”

“आण ना,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मग नवतप्याच्या त्या भर दुपारी सासरा-सून यायचे. काकांच्या डोक्याला ओला पांढरा दुपट्टा, पुष्पाच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत मशीन. रपट्याच्या कठड्यावर ते दोनदा बसायचे. मी काचेतून बघायचे. आत आले की मी स्टूल द्यायचे, माठातलं पाणी द्यायचे, झेरॉक्सच्या शेजारचा प्लग मोकळा करायचे. तोंडावर मास्क, पांढरी वाफ, डोळे मिटलेले. पलीकडे माझं मशीन दाखल्यांच्या प्रती ओकत असायचं. वाफ संपली की त्यांचा चेहरा सैल व्हायचा आणि ते थट्टा करायचे, “तुमचं मशीन कागद काढते, माह्यं मशीन कफ. धंदा तुमचाच बरा.”

आणि मग, निघताना, रोज, “ताई, कागद कुठवर आला?”

“चालू आहे काका.”

त्यांच्या पाठीमागच्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात, ‘प्रलंबित’ लिहिलेल्या फायलीत ती चार पानं होती. त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर. त्यांची शिरोरेघेची सही त्यात होती. मला हात लांब करून ती काढता आली असती. अजूनही दुपारी त्या स्टुलावर कोणी बसलं, की मी ते अंतर डोळ्यांनी मोजते.

वस्तीत एखाद्यानं कुरकुर केली, की काका सांगायचे, “ताईनं कागद देला हाय. कागद चालून राह्यला. दम धरा.” हे मला पुष्पानंच कौतुकानं सांगितलं होतं. म्हणजे माझ्या खोट्यावर ते पहारा देत होते. ते थांबले म्हणून वस्तीही थांबली. कागद गेलाच नाही हे त्यांना कळलं असतं, तर तो महिना लोक गप्प बसले नसते. स्वतः गेले असते. माझं न केलेलं काम एका बाजूला. पण मी केलं आहे या भरवशावर त्यांनी केलं नाही, ते त्याहून मोठं.

सातव्या दिवशी ते रपट्यावर बसले आणि उठले नाहीत. पुष्पा ओरडत दुकानात आली. आम्ही दोघींनी त्यांना उचलून सावलीत आणलं, ऑटो बोलावला. दवाखान्यातून ते आठवड्यानं परत आले, पण नंतर त्यांच्यात नाला ओलांडायची ताकद राहिली नाही. पाऊस पडला, ऊन उतरलं, विजेचा विषय मागे पडला. जूनमध्ये ॲडमिशनची गर्दी झाली. माझ्या डायरीतून ते वाक्य कुठल्या आठवड्यात गळलं, हे मी शोधलं आहे. त्याच्यावर रेघ नाही. ते नुसतं पुढच्या पानावर आलेलं नाही.

दिवाळीच्या आधी काका गेले. डॉक्टर म्हणाले छातीचंच होतं, मिलची धूळ. विजेमुळे ते गेले असं कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण त्या उन्हात त्यांनी माझ्या दुकानापर्यंत चालायला नको होतं, एवढं म्हणायला मला डॉक्टर लागत नाही. ऊन नाल्याच्या दोन्ही काठांना सारखंच पडतं. ते कोणाच्या अंगावर किती पडेल, हे मात्र एका टेबलावर, चिमट्यानं, दोन मिनिटांत ठरलं होतं.

पुष्पानं मला पुढे कधी कागदाचं विचारलं नाही. दुःखात विसरली असेल, असं मी समजून घेतलं. सोयीचं होतं. मागच्या वर्षी कानावर आलं, की ती पाच-सहा बायांना घेऊन वीज कार्यालयात जाते आहे. दर आठवड्याला. साहेब आता दुसरे होते. बाया बाकावर बसून राहत, डबा घेऊन जात. आणि या एप्रिलमध्ये नाल्यावरच्या डीपीवरून वस्तीकडे तारा ओढल्या गेल्या.

पुष्पा आमंत्रण द्यायला घरी आली. “ताई, नारळ फोडाले तुमीच येजा. पैला कागद तुमचा होता, असं सगळे म्हणून राह्यले.”

मी गेले. पर्समध्ये ती चार पानं घेऊन गेले. डीपीच्या खांबाला झेंडूची माळ घातली होती, लाइनमनच्या कपाळावर गुलाल होता, पोरं उड्या मारत होती. पुष्पा माझ्या हातात नारळ द्यायला लागली, तेव्हा मी तिला खांबामागे ओढलं. घाईघाईनं सांगून टाकलं. साहेबांचं म्हणणं, चिमटा, सोमवार, सगळं. बोलताना मला हलकं वाटायला लागलं होतं, हेही कबूल करते.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मले माहीत हाय ताई.”

“केव्हापासून?”

“मागच्या वर्षी ऑफिसात जुना कागद काढाले लावला मी. म्हटलं, आमचा नंबर पाहा. बाबूनं पाह्यला. आठ खोडून चार केलते. बाजूनं तुमची सही. तुमची सही मी वळखतो ना, किती वर्षांपासून पाहून राह्यली.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“काय बोलू? बाबा जाईपर्यंत तुमचं नाव घेत होते. लोकाइले सांगतलं तं बाबा खोटे पडते.” तिनं माझ्या पर्सकडे पाहिलं. “ते पानं आणले का?”

मी काढून दिली. तिनं बाकीची तीन बाजूला केली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. आडव्या रेघेवरून ते हळूहळू पुढे नेलं. “आमच्या घरी त्यायची सही कुठंच नाई. मिलचे कागद उधईनं खाल्ले. हे मी ठेवतो.”

“पुष्पा, नारळ मी फोडणार नाही. तूच फोड.”

“नाई,” ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण तसा तिनं माझ्याशी पूर्वी कधी लावला नव्हता. “लोकं वाट पाहून राह्यले. तुमाले बरं वाटावं म्हणून आज त्याइचा दिवस नासवू नका. फोडा.”

मी फोडला. टाळ्या वाजल्या. एका म्हातारीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. बहुधा तीच, रांगेचं विचारणारी. खोबऱ्याचा पहिला तुकडा मला मिळाला. तो मी घरापर्यंत मुठीत आणला आणि खाल्ला नाही, टाकलाही नाही. फ्रिजमध्ये ठेवला, आणि मग माझ्या शिस्तीप्रमाणे चार दिवसांनी फ्रिज आवरताना तो मला पुन्हा सापडला.

आता नवतपा आला आहे. डीपी कॉलनीपुरती घेतलेली, तिच्यावर वस्तीही आली. दुपारी आमची ट्यूब थरथरते, कूलरचा पंखा सुस्त होतो. पूर्वी वस्तीतला वारा कसा लागत असेल याचा थोडासा नमुना आम्हाला घरबसल्या मिळतो आहे. ग्रुपवरचा निरोप वाचून आमचे हे म्हणाले, “अवं, लिहून टाक ना. तुले दहा मिंटं लागतात. पहिले आपलं होऊ दे, मंग पाहू त्याइचं.”

माणूस वाईट नाही. साहेबही वाईट नव्हते. मी तरी कुठे वाईट होते?

मी अर्ज लिहिला. मोठ्या क्षमतेच्या डीपीचा, दोन्ही काठांचा मिळून एकच. कॉलनीत काहींनी सही करायला नकार दिला, एकानं विचारलं की ताई आता तिकडे राहायला जाणार का. बाकीच्यांनी केल्या. वस्तीतल्या सह्या पुष्पानं गोळा केल्या आणि काल भर दुपारी ती पानं घेऊन दुकानात आली. डोक्याला ओला दुपट्टा होता. काकांचाच असावा. मी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही.

“स्टेपलर द्या.”

दिलं. तिनं पानं काउंटरवर ठोकून कडा जुळवल्या. यंदा कॉलनी पुढे आणि वस्ती मागे असं नव्हतं. तिनं ती एकाआड एक लावली होती, एक इकडचं, एक तिकडचं. दोन पिना मारल्या, दाबून पाहिल्या, तिसरी मारली. मी वरच्या पत्रावर पानांची संख्या लिहायला पेन उचललं आणि आकडा काढणार, एवढ्यात तिनं कागदावर हात ठेवला.

“अक्षरात लिहा, ताई.”

मी लिहिलं. एकूण पाने अकरा. अक्षरी.

“अर्ज मी नेतो,” ती म्हणाली. “शिक्का मारून आणतो. झेरॉक्स तुमाले देतो एक.”

जाण्याआधी तिनं माझ्यासमोर उभं राहून पानं मोजली, बोट ओलं करून, मोठ्यानं, एक, दोन, तीन, थेट अकरापर्यंत. मग पिशवीत घातली आणि रपट्याकडे न वळता कार्यालयाच्या रस्त्याला लागली, उन्हातून.